ड्रमसेट उतरवला, घुमट पुढे आणलं : प्रकल्प नोंदी

१२ जून २०२४, फोंडा

ड्रमर क्रूझवर गेला. कॉन्ट्रॅक्ट फेब्रुवारीपर्यंत, म्हणजे अख्खा सीझन त्याच्याशिवाय. गोव्यात यात नवीन काही नाही, प्रत्येक वाड्यावर एखादा तारवटी, म्हणजे जहाजावर कामाला जाणारा, असतोच, आणि जहाजावरच्या लाउंज बँडमध्ये त्याला जे मिळणार ते आम्ही सगळे मिळून चवथीपासून शिगम्यापर्यंत वाजवत बसलो तरी हातात येणार नाही, त्यामुळे राग कोणाचाच नाही. प्रश्न एवढाच, आता पुढे काय.

गिटारवाला म्हणाला दुसरा ड्रमर बघू. गायक म्हणाला नको. मग जे बोलणं झालं ते लांबलं, चहा दोनदा झाला, आणि त्यातलं गायकाचं एक वाक्य मी लिहून ठेवतोय कारण हा सगळा उद्योग त्यावरच उभा आहे: "स्वतःला फोक-रॉक म्हणवतो आपण, पण त्यातला फोक कुठाय रे? घुमट दिसतं जास्त, ऐकू येतं कमी." खरं आहे. घुमटाचा, म्हणजे एका तोंडावर चामडं ताणलेल्या मातीच्या मडक्याच्या वाद्याचा, माईक ड्रमसेटच्या शेजारी, त्यात झांजांचा आवाज शिरणार, गिटारच्या अॅम्पचा शिरणार, मग स्पीकर शिट्टी मारायला लागला की साउंडवाला पहिला फेडर, म्हणजे आवाजाची पट्टी, खाली ओढणार तो घुमटाचाच. आमचा घुमटवाला साखळीकडचा, लहानपणापासून आरतीत आणि रोमटात, म्हणजे शिगम्याच्या मिरवणुकीत, वाजवणारा पोरगा, पूर्ण शोभर जीव तोडून वाजवायचा आणि लोकांपर्यंत पोचायचं ते त्याचं डोकं हलवणं.

तर ठरलं ते असं. ड्रम नाही, इलेक्ट्रिक गिटार नाही, पेडल नाही. गायक, अकूस्टिक गिटार, घुमट, बास (मी). हार्मोनियम आणि व्हायोलिन या दोन जागा भरायच्या आहेत. नोंदी मी ठेवणार, कारण बासवाल्याला बाकी काम नसतं असं सर्वांचं एकमत आहे.

१९ जून

पहिली प्रॅक्टिस. जुनी गाणी जशीच्या तशी घेतली, फक्त गिटार बदलली. भयंकर वाटलं. वाईट वाजवलं म्हणून नाही, गाण्यात एवढ्या मोकळ्या जागा आहेत हेच कोणाला माहीत नव्हतं.

कारण सरळ आहे. ओव्हरड्राइव्हमध्ये, म्हणजे पेडलने गिटारचा आवाज मुद्दाम फाडला की, सूर दाबून सपाट होतो, त्यामुळे एकदा तार छेडली की ती पुढची ओळ येईपर्यंत गुरगुरत राहते. अकूस्टिकवर तोच कॉर्ड वाजला की लगेच उतरायला लागतो. आमचा गिटारवाला वर्षानुवर्षं दर दोन मात्रांना एक कॉर्ड मारून मोकळा व्हायचा, उरलेलं काम पेडल करायचं. डिस्टॉर्शन सगळ्या फटी बुजवतं, आणि आम्ही त्या बुजवलेल्या फटींनाच अरेंजमेंट म्हणत होतो.

शिवाय बोटं. इलेक्ट्रिकवर त्याच्या तारा जाडीला १० च्या, इथे १२ च्या फॉस्फर ब्राँझ, आणि तिसरी तार गुंडाळलेली, म्हणजे ती ओढून सूर चढवणं जवळपास विसरायचंच. त्याचे सगळे सोलो त्या तिसऱ्या तारेच्या ओढीवर. बिचारा काही बोलला नाही पण घरी जाताना स्कूटरवर एकदम गप्प होता.

३० जून

पट्टीचा निकाल लावला. आमची जवळपास सगळी गाणी ई मध्ये, म्हणजे पांढरी तीन, का तर गिटारची सर्वांत जाड तार ई असते आणि ती मोकळी मारली की दणका बसतो. गायकाच्या गळ्याला काय सोसतं हे कोणी विचारलंच नव्हतं, तो झांजांच्या वर ओरडत होता एवढंच. आता सगळं एक स्वर खाली, पांढरी दोन. गिटार डी-ए-डी-जी-ए-डी अशी लावली. या लावण्याची मजा अशी की मधला जी सोडला तर मोकळ्या तारा सगळ्या सा आणि प, म्हणजे तंबोरा फुकटात मिळतो, कॉर्ड बदलला तरी खाली सा चालूच राहतो. पहिल्या प्रॅक्टिसमधल्या अर्ध्या फटी इथेच भरल्या.

आणि गायकाचा आवाज! खालच्या सप्तकात त्याच्या गळ्यात एक खरखर आहे, आम्ही इतकी वर्षं एकत्र वाजवतोय आणि ती मला आज कळली. दुसरं म्हणजे शब्द ऐकू यायला लागले, ही काही निव्वळ आनंदाची बातमी नाही. फेरीबोटीच्या गाण्याचा दुसरा अंतरा नीट ऐकल्यावर सगळे एकमेकांकडे बघायला लागलो, नुसतं यमक जुळवलंय, अर्थाचा पत्ता नाही. तो अंतरा परत लिहायचा. ज्याने लिहिला त्यानेच लिहायचा, असं त्याला सांगितलंय.

७ जुलै

गिटारवाल्याने आज वाद घातला, जो केव्हातरी होणारच होता. त्याचं म्हणणं, अकूस्टिक म्हणजे मागे जाणं. बॉब डिलन १९६५ मध्ये न्यूपोर्टला इलेक्ट्रिक गिटार घेऊन उभा राहिला, लोकांनी हुर्यो केली तरी मागे हटला नाही, आणि आपण उलटे चाललोय. मी म्हटलं बाबा, उलटे जाणारेही कमी नाहीत. फेअरपोर्ट कन्व्हेन्शन घे, १९६७ ला लंडनमध्ये सुरू झालेला बँड, इंग्लंडात फोक-रॉक ज्यांच्या नावाने ओळखतात ते हेच, त्यांनीही नव्वदच्या दशकात ड्रमशिवाय चौघांचा अकूस्टिक संच करून दौरे केलेच. आणि स्टीलाय स्पॅनने तर १९७१ चा रेकॉर्ड इलेक्ट्रिक गिटारी घेऊन पण ड्रमरशिवाय केला, ठेका सगळा बास आणि गिटारने सांभाळला, आणि तो ऐकताना ड्रम नाही हे लक्षात यायलाही वेळ लागतो.

तो म्हणाला, म्हणजे तुला बासचा भाव वाढवायचाय.

हो, तेही आहेच.

पण त्याचा मूळ मुद्दा मला सोडवत नाही. एमटीव्हीने १९८९ ला अनप्लग्ड सुरू केलं तेव्हापासून अकूस्टिक म्हटलं की लोकांना तीच गाणी, जरा हळू, स्टुलावर बसून, मेणबत्त्या लावून असं वाटतं. तसलं करायचं असेल तर माझीही तयारी नाही. कळंगुटच्या शॅकमध्ये जेवणाऱ्यांच्या मागे पार्श्वसंगीत करायला आम्ही कशाला हवे, त्यासाठी मोबाईल आहे की.

१८ जुलै

पाऊस थांबायचं नाव नाही. आषाढी झाली, माशेलला चिखलकालो खेळून घुमटवाला तसाच प्रॅक्टिसला आला, कानात अजून चिखल.

दमट हवेने सगळ्यांची वाट लावलीय. गिटारला हवेत साधारण ४५ ते ५५ टक्के आर्द्रता लागते, फोंड्यात जुलैत ती नव्वदीच्या आसपास. स्प्रूस लाकडाची पाटी फुगली, तारा फ्रेटबोर्डपासून वर उचलल्या, बोटांना दुप्पट जोर. आता केसमध्ये सिलिका जेलच्या पिशव्या टाकल्यात, आणि केस ठेवतो त्या कपाटात पिवळा बल्ब लावून ठेवलाय, आई पावसात कपड्यांना बुरशी लागू नये म्हणून लावते तोच.

घुमटाचं चामडं तर ओल्या पावासारखं झालंय. ऊन नाही, मग चुलीची धग दाखवायची, पण गिटारवाल्याच्या फ्लॅटमध्ये चूल कुठली. त्याच्या बहिणीचा हेअर ड्रायर वापरला. चालतो. बहिणीला अजून सांगितलेलं नाही.

२८ जुलै

दोन्ही जागा भरल्या.

हार्मोनियमला काका आले. भजनी मंडळात, नाटकांच्या साथीला, आयुष्य गेलं त्यांचं त्यात. फोंडा महालातला माणूस, उत्सवातल्या नाटकांना रात्र रात्र पायपेटी वाजवलेली, त्यामुळे दमसासाचा प्रश्न नाही. आम्हाला वाटलं रॉकवाली पोरं बघून नको म्हणतील. त्यांनी दोन गाणी ऐकली आणि विचारलं, "यात मी वाजवायचं कुठे नाही ते सांगा." असा प्रश्न आजवर आमच्यात कोणी कोणाला विचारला नव्हता.

व्हायोलिनला सासष्टीचा एक मित्र, गावच्या चर्चच्या संगीत शाळेत शिकलेला, मांडो-दुलपदांना, म्हणजे गोव्याच्या जुन्या कोंकणी गाण्यांना, साथ करत मोठा झालेला. तो कागदावरच्या नोटेशनशिवाय हलत नाही, काका कागदाकडे बघत नाहीत. मी प्रत्येक गाण्याचा एक तक्ता केलाय, वर कॉर्ड, मध्ये स्टाफ (पाच रेघांचं पाश्चात्त्य नोटेशन), खाली सारेगम, आणि डाव्या बाजूला घुमटाचे बोल. चार जण एकाच कागदाच्या चार ओळी वाचतात.

पहिली अडचण लगेच आली. काकांची पेटी जुनी, ट्यूनरवर बघितली तर ४४० हर्ट्झला, म्हणजे सगळे मिळवतात त्या प्रमाण सुराला, नाही, थोडी चढी, ४४३ च्या आसपास. पेटीचे सूर हलवता येत नाहीत, रीड घासावी लागते, आणि त्या पेटीला कोणी हात लावावा अशी आमची कोणाची हिंमत नाही. मग जे हलू शकतं ते हललं. ट्यूनर ४४३ वर ठेवला, गिटार, बास, व्हायोलिन सगळे पेटीला मिळवून घेतले. व्हायोलिनवाला कुरकुरला, काका म्हणाले, "बाब, पेटी म्हातारी आहे, तुम्ही तरणे आहात, तुम्ही वर या."

११ ऑगस्ट

काल रात्री सगळे वास्कोला दामोदर सप्ताहाला गेलो होतो. काकांचा हट्ट. नागपंचमीच्या दुसऱ्या दिवसापासून चोवीस तास अखंड भजन, गट बदलत राहतात पण टाळ थांबत नाही, बाहेर रस्त्यावर फेरी भरलेली, आत मंडपात पखवाज.

आम्हाला एक गोष्ट अडली होती. रॉकमध्ये ध्रुवपद आलं की गिटारवाला पेडलवर पाय मारतो, आवाज दुप्पट, लोक उठतात. ते काढल्यावर ध्रुवपद नुसतं येतं आणि जातं, वर चढतच नाही. काकांनी मला पखवाजाजवळ नेऊन बसवलं आणि म्हणाले बघत राहा. अभंग ठायीत, म्हणजे संथ लयीत, सुरू, एकटा बुवा गातोय, मागे पेटीचा एकच सूर. मग मागच्यांनी ओळ उचलली. मग ठेका दुगणीत, दुप्पट लयीत, गेला, चाल तीच. आणि गजर आला तेव्हा मंडपातले सगळे गात होते, बाहेर भेळ खात उभा असलेला माणूसही. आवाज वाढवायला कोणी काही फिरवलं नाही, गळे वाढले.

परतताना गाडीत गिटारवाला म्हणाला, "म्हणजे आता मला गावं लागणार." त्याने आजवर एकदाही माईकमध्ये तोंड उघडलेलं नाही. लागणार.

२५ ऑगस्ट

खाणीचं गाणं. यावर सगळ्यात जास्त डोकं फुटलं.

हे आमचं जुनं हुकमी गाणं. डिचोली-सत्तरीच्या रस्त्यावरचे खनिजाचे ट्रक, लाल धूळ, त्यावर गिटारचा एक रिफ, म्हणजे परत परत येणारी छोटी धून, अगदी तसाच, चढावर दुसऱ्या गिअरमध्ये अडकलेल्या ट्रकसारखा. लोक तो रिफ आला की ओरडायचे. अकूस्टिकवर तो रिफ वाजवला तर खेळण्यातला ट्रक वाटतो. काय काय नाही करून बघितलं, तार तळव्याने दाबून, पेटीचा खर्ज धरून, व्हायोलिनने कर्कश घासून. नाही.

घुमटवाल्याने तोडगा काढला, आणि तो ऐकून आधी कोणालाच पटला नव्हता. त्याच्या घरच्या काकाचा (आमच्या पेटीवाल्या काकांचा नव्हे) ट्रक होता. २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या तेव्हा तो घरासमोर लागला, पुढे थोडा चालला, मग २०१८ च्या फेब्रुवारीत सुप्रीम कोर्टाने खाणींच्या ८८ लीज रद्द केल्या आणि परत अंगणात. कर्ज चालूच. तो म्हणाला, तुम्ही गाणं लिहिलंत तेव्हाही ट्रक बंदच होते रे, तुम्ही चालणाऱ्या ट्रकचा आवाज कशाला काढता? आमच्याकडे ट्रक म्हणजे अंगणात उभी वस्तू, खाली कोंबड्या बसतात.

मग रिफ काढूनच टाकला. सुरुवातीला फक्त पेटीचा सा-प, त्यावर गायक, ठेका नाही. घुमट पहिल्यांदा येतं ते दुसऱ्या अंतऱ्यानंतर, तेही चामड्यावर थाप न मारता, मागच्या तोंडावर तळवा हळूहळू दाबत नेऊन, त्यातून एक जाड हुंकार निघतो, गाडी सुरू होता होता बंद पडावी तसा. मग दोन मात्रा काहीच नाही. मग गाणं पुढे. गिटारवाल्याने या गाण्यात शेवटच्या कडव्यापर्यंत हात मांडीवर ठेवून बसायचं. तो बसला. मला वाटतं आजपासून तो या प्रकरणात खरा आला.

११ सप्टेंबर

चवथ. पाच दिवसांचे गणपती, आम्ही घुमटवाल्याच्या गावी आरत्यांना. प्रॅक्टिस वगैरे नाही, फक्त ऐकायला, पण लिहिण्यासारखं इथेच जास्त मिळालं.

माटोळी (गणपतीवर टांगलेली फळापानांची आरास) बांधलेली छोटी खोली, वाड्यावरची तीसेक माणसं कोंबलेली, एकही माईक नाही आणि आवाज छातीत बसतो. मी मुद्दाम वाजवणाऱ्यांच्या पायाशी बसलो. शामेळ, म्हणजे छोटं चामड्याचं तालवाद्य, काठीने वाजतं, कडक, सुका आवाज, तो ठेका धरून ठेवतो. कासाळें, म्हणजे मोठी झांज, मधल्या मात्रांवर चमकतं. घुमटं तीन होती, ती शामेळाला उत्तर दिल्यासारखी, आणि प्रत्येकाचा सूर वेगळा कारण मडकं वेगळं. गळ्यात पट्टा, मडकं डाव्या काखेत, उजव्या हाताची बोटं चामड्यावर, डावा तळवा मागच्या उघड्या तोंडावर. तळवा उघडला की आवाज मोकळा, झाकला की खाली बुडतो. डाव्या हाताकडे कोणी बघत नाही पण अर्धं वाजवणं तिथेच चालतं.

काका शेजारी बसले होते. म्हणाले, "तुमचा तो ड्रमसेट आणि हे, फरक काय? तिथे एक माणूस चार वाद्यं वाजवतो, इथे चार माणसं."

तर शामेळ आणि कासाळें घ्यायचं. कासाळें मी वाजवणार, जिथे बास नाही तिथे. दुसरं एक मोठं घुमट डिचोलीच्या कुंभाराकडे सांगितलंय, खालच्या सुरासाठी. चामडं बकऱ्याचं. जुनी माणसं अजून घोरपडीच्या चामड्याच्या आवाजाची आठवण काढतात, काढोत, घोरपड १९७२ च्या वन्यजीव कायद्याने संरक्षित आहे आणि घरात जुनं पडलेलं कोणी देतो म्हणालं तरी घ्यायचं नाही हे आम्ही लिहूनच ठेवलंय. २०१९ मध्ये सरकारने घुमटाला गोव्याचं वारसा वाद्य जाहीर केलं ते बकऱ्याच्या चामड्यावर ते उभं राहिलं म्हणूनच, नाहीतर वाजवणाऱ्याला लपूनच वाजवावं लागलं असतं.

२९ सप्टेंबर

साउंडचं काम. लहान जागेत माईकच नाही. हॉल असेल तर मध्ये एकच मोठा कंडेन्सर माईक, सगळे त्याच्याभोवती अर्धगोलात, ज्याची पाळी तो एक पाऊल पुढे. अमेरिकेतली ब्लूग्रासवाली मंडळी असंच करतात. स्टेजवर मॉनिटर स्पीकर नाही, एकमेकांना कानानेच ऐकायचं. सुरुवातीला आपटाआपटी फार, व्हायोलिनवाल्याचा गज गायकाच्या कानाला लागला, आता जमतंय.

घुमटाला मात्र वेगळे माईक लागतात असं दिसलं, कारण त्याचा आवाज दोन ठिकाणांहून येतो. पुढून थाप, मागून खर्ज. एक माईक चामड्यासमोर, एक मागच्या तोंडाशी. दोन्ही एकत्र केले तर आवाज उलट पातळ झाला. पुढचं चामडं आत जातं तेव्हा मागून हवा बाहेर येते, दोन लाटा एकमेकींना खातात. मागच्या माईकचा फेज उलटा केला, मिक्सरवर एक बटण असतं त्यासाठी, आणि एकदम अख्खं मडकं खोलीत आलं. घुमटवाला हेडफोन लावून ऐकत होता, त्याने हेडफोन काढले, परत लावले आणि म्हणाला "हांव इतलो बरो वाजयता?" आम्ही हसलो पण त्याला खरंच माहीत नव्हतं.

गिटारला पिएझो पिकअप (आवाज पकडणारा, गिटारलाच बसवलेला) आहे, तो फक्त मोठ्या हॉलसाठी, आणि शंभर हर्ट्झच्या आसपास थोडा कापून, कारण गिटारचं पोट तिथेच घुमतं आणि तिथेच आधी शिट्टी मारतं.

२० ऑक्टोबर

माझा विषय. अकूस्टिक बास गिटार उसनी आणून बघितली. दिसते मोठी, आवाज लहान, घुमट आणि पेटी चालू असताना मी वाजवतोय हे फक्त मलाच कळत होतं. डबल बास आणायची ऐपत नाही आणि माझ्या गाडीत बसणारही नाही. छोटा अॅम्प लावू का, यावर आठवडाभर चर्चा. गायक म्हणे नियम म्हणजे नियम. काका म्हणे नियम कोणी केला?

मोठं घुमट आलं आणि प्रश्न वेगळाच झाला. खालची जागा त्याने घेतली. ड्रमच्या किकसारखा पोटात बसत नाही तो आवाज, पण गिटारवाल्याचा अंगठा आणि हे घुमट मिळून माझं बरंचसं काम होतं. निम्म्या गाण्यांत बास काढली. मीच काढली, तक्त्यावरून माझी ओळ खोडून. उरलेल्या निम्म्यांत छोट्या अॅम्पवर, एवढ्याच आवाजात की खोली सोडून बाहेर जाऊ नये. बरं वाटलं असं नाही. पण फेरीबोटीचं गाणं बासशिवाय जास्त तरंगतं, हे मी दुसऱ्या कोणाच्या बँडचं ऐकलं असतं तर लगेच म्हटलं असतं.

३१ ऑक्टोबर

नरकासुराची रात्र. चौकाचौकात डीजे, खिडक्यांच्या काचा थरथरतायत, झोप नाही. रेकॉर्डिंग करायचं ठरवलं होतं, रद्द. एरवी उघड्यावर रात्री दहानंतर स्पीकर बंद हा नियम २००० सालापासून देशभर आहे आणि त्यापायी आमचे कितीतरी शो अर्ध्यात आटोपले. आज नियमाची सुट्टी दिसते. आम्हाला मात्र आता दहाचं भय नाही, गिटारवाला म्हणाला, चला दहानंतरच्या कार्यक्रमांची जाहिरात करू.

२४ नोव्हेंबर

पहिला कार्यक्रम काल झाला. काकांच्या नात्यातल्या एका जुन्या घराचं राजांगण, मध्ये तुळस, चारही बाजूंनी पडवी, चिऱ्याच्या भिंती, वर कौलं. तुळशीचं लग्न होऊन गेलेलं, ऊस अजून बांधलेला. इफ्फी चित्रपट महोत्सवामुळे पणजीची गर्दी पणजीत, आमच्याकडे शेजारी-पाजारी, ओळखीचे, आणि काही जुने फॅन जे काळे टीशर्ट घालून आले आणि चटईवर मांडी घालायला जरा लाजले.

तांत्रिक नोंद: चिऱ्याच्या भिंती उंच सूर शोषतात असं वाटलं, व्हायोलिन मऊ लागलं, शामेळाचा टोकेरीपणा गेला. पडवीत बसलेल्यांना घुमट जास्त, अंगणात बसलेल्यांना कमी. पुढच्या वेळी घुमटवाल्याला कोपऱ्यातून काढून तुळशीकडे आणायचा.

खाणीच्या गाण्यात दोन मात्रांची शांतता आली तेव्हा मागे कोणाचा तरी फोन वाजला, हिंदी सिनेमातलं गाणं, पूर्ण आवाजात. गायक थांबला नाही. शेवटच्या गाण्याला गजरासारखं सगळ्यांनी उचलावं असा बेत होता, पहिल्या फेरीला कोणीच उचललं नाही, दुसऱ्या फेरीला काकांच्या भजनी मंडळाच्या लोकांनी उचललं, मग काळे टीशर्टवाले. गिटारवाला गायला. बेसूर नाही.

एक फॅन नंतर मला म्हणाला, रिफ का काढला, तेच तर गाणं होतं. त्याला ट्रकची गोष्ट सांगितली. पटली नाही त्याला. ठीक आहे, त्याचंही गाणं आहे ते.

८ डिसेंबर

हिशेब: आधी अॅम्प, ड्रम, स्पीकर, टेम्पो, दोन हमाल. आता दोन गाड्या, आणि पेटी काकांच्या मांडीवर. पैसे कमी मिळाले तरी घरी जास्त येतात.

राहिलेली कामं. दुलपदाच्या चालीवरचं गाणं अजून बसत नाही, व्हायोलिनवाला ते ६/८ मध्ये, सहाच्या पाश्चात्त्य ठेक्यात, धरतो, घुमटवाला आपल्या आरतीच्या ठेक्यात, दोघेही बरोबर आहेत आणि तिथेच घोटाळा आहे. काका म्हणतात दोघांनाही तसंच वाजवू द्या, समेवर भेटतात की नाही बघू. मोठ्या घुमटाची दोरी सैल पडतेय. फेरीबोटीचा अंतरा तिसऱ्यांदा लिहून आलाय, या वेळी बरा आहे.

ड्रमरचा मेसेज आला जहाजावरून. रेकॉर्डिंग ऐकलं त्याने, आवडलं, आणि खाली विचारलंय की मग फेब्रुवारीत मी आलो की मी काय करू. काय उत्तर द्यायचं यावर आमच्यात एकमत नाही. गायक म्हणतो शामेळ शिक म्हणावं. गिटारवाल्याला दोन-तीन गाणी तरी परत मोठ्याने वाजवायची आहेत, आणि मला वाटतं वाजवावीत, पण वेगळ्या कार्यक्रमात. तोवर त्याचा ड्रमसेट गिटारवाल्याच्या हॉलमध्ये पडलाय, नाताळात पाहुणे येणार म्हणून त्याची आई रोज विचारते. रविवारी तो काकांच्या पडवीत हलवायचाय. टेम्पोवाल्याशी बोललोय, भाडं अजून ठरलेलं नाही.